तडकलेला मणी

मार्चमधल्या अवकाळी पावसानंतर निफाड तालुक्यातले एक बागायतदार थॉमसन सीडलेस द्राक्षांचे क्रेट घेऊन अंबडच्या आमच्या प्रयोगशाळेत आले, तेव्हा बहुतेक घडांत तडकलेले मणी दिसत होते. पिकलेल्या मण्यात साखर भरलेली असते. पाऊस झाला की मुळांतून आणि थेट सालीतूनही पाणी आत ओढले जाते, सालीला तो ताण सोसत नाही आणि ती चिरते. व्यापाऱ्याने अर्थातच सौदा मोडला होता. बेदाणा करण्याचाही मार्ग उरला नव्हता, कारण लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर डिपिंग ऑइल घालून त्यात माल बुडवला, तरी शेडमधल्या जाळ्यांवर तो वाळायला साधारण पंधरवडा लागतो आणि तेवढ्या अवधीत चिरलेला मणी आंबतो किंवा त्यावर बुरशी धरते.

त्यांनी कुठेतरी फ्रीझ ड्राय केलेल्या फळांची पाकिटे पाहिली होती. “तसं काही होतं का बघा, मॅडम,” ते म्हणाले, “आणि तडकलेलेही टाका, नाहीतरी ते फेकायचेच आहेत.” रस सांडून ट्रे चिकट होतील म्हणून आमचे तंत्रज्ञ नाखूश होते. तरीही बुरशीचा अंश दिसणारा प्रत्येक मणी बाजूला काढून आम्ही एका ट्रेमध्ये अखंड आणि दुसऱ्यात त्याच बागेतले, ताजे तडकलेले मणी भरले. ही निवड करावीच लागते, कारण फ्रीझ ड्रायिंगमध्ये जंतू मरतीलच असे नाही. ते बरेचदा नुसते सुप्त होतात.

या पद्धतीत फळ आधी खोलवर गोठवतात आणि मग निर्वातात त्यातल्या बर्फाची पाणी न होता थेट वाफ करतात. द्राक्ष त्यासाठी अवघड फळ आहे. त्यातली साखर मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असल्यामुळे गोठताना उरणारा दाट पाक उणे ४० अंशांच्याही खाली गेल्याशिवाय काचेसारखा घट्ट होत नाही. घरच्या फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांना, मणी टणक लागतो, पण त्याच्या आत थोडा पाक प्रवाहीच असतो. उष्णता जरा जास्त झाली की हा पाक ढासळतो आणि फळाची आतली जाळी मोडते.

यंत्राचे चक्र पूर्ण झाल्यावर आम्ही त्या गृहस्थांना बोलावून घेतले आणि त्यांच्यासमोरच दार उघडले. अखंड मण्यांचा ट्रे पाहून तंत्रज्ञांनी कपाळाला हात लावला. मणी फुगून चकचकीत झाले होते, काही फुटले होते, आणि एक चिरून पाहिला तर आत पोकळी व तिच्या कडेला बुडबुडे आलेला चिकट पाक होता. शेजारच्या ट्रेमधले तडकलेले मणी मात्र आकार राखून कुरमुऱ्यासारखे हलके झाले होते. चिरेच्या कडेला सांडलेल्या रसाची पिवळसर खपली होती, पण बोटांत दाबताच मणी कुडकन मोडला आणि आत पांढुरकी, बारीक छिद्रांची जाळी दिसली.

कारण सालीत होते. द्राक्षाच्या सालीवरचा मेणाचा थर पाणी सहजी बाहेर जाऊ देत नाही. बेदाण्यात डिपिंग ऑइल वापरतात ते त्याचा अडसर कमी करण्यासाठीच. निर्वातात अखंड मण्यातल्या वाफेला वाट मिळाली नाही. बर्फाची वाफ होताना उष्णता खर्च होते आणि फळ थंड राहते. ती वाफच अडल्यामुळे मण्याचे तापमान चढले, बर्फ वितळला आणि कमी दाबाखाली तो रस उकळून फुगला. तडकलेल्या मण्यातली वाफ चिरेतून निघून गेली. अखंड मण्यांना आधी टोचून घ्यावे किंवा ते अर्धे चिरावेत हे आम्हाला ठाऊक होते, परंतु ज्या दोषामुळे बाजारात माल नाकारला गेला, त्याच दोषाने इथे सुरीचे काम केलेले पाहणे हा वेगळाच अनुभव होता.

बागायतदारांनी एक मणी खाल्ला आणि लगेच खर्च विचारला. नुसत्या एक किलो बर्फाची वाफ करायला सुमारे २,८०० किलोज्यूल, म्हणजे पाऊण युनिटाहून थोडी जास्त वीज लागते; व्हॅक्यूम पंप आणि कंडेन्सर यंत्र चालू असेपर्यंत जी वीज ओढतात, ती याहून निराळी. त्यात एक किलो सुक्या मालासाठी सुमारे पाच किलो ताजी द्राक्षे लागतात. हे बोलणे चालू असताना टेबलावर ठेवलेला मणी हवेतली ओल शोषून मऊ पडला होता आणि त्यांनी उचलला तेव्हा बोटाला चिकटला. “म्हणजे पाकीटही भारीतलं लागणार,” ते म्हणाले. ओल अडवणाऱ्या फॉइलच्या पाकिटाशिवाय हा माल टिकत नाही, हे मला वेगळे सांगावे लागले नाही.

तडकलेला सगळा माल असा सुकवणे त्यांना परवडणारे नाही, हे मी स्पष्ट सांगितले. निवडलेले मणी त्याच दिवशी धुऊन त्यांचा गर काढावा आणि तो उणे १८ अंशांना गोठवून ठेवावा, असा सल्ला दिला. गरामध्ये मण्याचा आकार टिकवण्याचा प्रश्नच येत नाही. त्यांनी शीतगृहाचे भाडे विचारून घेतले आणि उरलेल्या क्रेटसाठी त्याच संध्याकाळी गाडी ठरवली.