पवईचा काठ मोजताना

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी सात वाजता आम्ही दोघे कांजुरमार्गला उतरून बसने पवई तलावावर पोहोचलो. काठ किती वेडावाकडा आहे, हे आकड्यात मांडायचे होते. त्यासाठी काठाची लांबी तेवढ्याच क्षेत्रफळाच्या वर्तुळाच्या परिघाने भागतात. अचूक वर्तुळाचे उत्तर १ येते, चौरस तळ्याचे सुमारे १.१३, खोरे अडवून केलेल्या तलावाचे बहुधा त्याहून बरेच जास्त, कारण पाणी प्रत्येक घळीत शिरते. पवई भरल्यावर सुमारे २.१ चौरस किलोमीटर असतो, म्हणजे त्याच्या वर्तुळाचा परीघ सुमारे ५.१ किलोमीटर धरावा.

पूर्ण काठ पायी फिरता येत नाही. म्हणून आत वळलेल्या एका छोट्या भागावर आम्ही टेप लावली. टोकापासून टोकापर्यंत सरळ अंतर २० मीटर भरले, पाच-पाच मीटरच्या टप्प्यांनी ३१, आणि एकेक मीटरने दगड-मुळांना वळसे घेत गेल्यावर ३८. काठ तोच होता, टप्पा तेवढा बदलला होता. त्यामुळे टप्पा न सांगता दिलेली लांबी मला अपुरी वाटते, आणि दोन तलावांची तुलना करायची तर दोन्हींना एकच टप्पा हवा.

जलपर्णीने आम्हाला खरे अडवले. पानांच्या गालिच्यावरून एक कमळपक्षी निवांत चालत होता आणि पाण्याची कड त्याच्या कितीतरी मागे, चिखलात होती. पूर्ण काठाची रेघ उपग्रहचित्रावरून ओढावी लागते आणि त्यात हा गालिचा जमिनीसारखा दिसतो, म्हणून अशा जागांचे फोटो ठिकाणासह काढून ठेवावेत आणि रेघ हाताने दुरुस्त करावी. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रातील चौकट, म्हणजे चित्राचा सर्वांत लहान ठिपका, १० मीटरची असते. तिच्या पायऱ्या धरून रेघ ओढली, तर तिरक्या काठाची लांबी ४१ टक्क्यांपर्यंत फुगते. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजण्यापूर्वी नकाशा यूटीएम ४३ उत्तर या प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मीटरमध्ये मांडण्याच्या पद्धतीत, घ्यावा. बेटांचा काठ धरला की वगळला, तेही लिहून ठेवावे.

पाण्याची पातळीही महत्त्वाची आहे. तलाव सांडव्यावरून नुकता वाहू लागतो, तेव्हा ती दरवर्षी जवळपास सारखी असते. मात्र तेव्हा आभाळ भरलेले असल्याने ढगांतून पाहणारी सेंटिनेल-१ ची रडार-चित्रे घ्यावी लागतात. तलावात मगरी आहेत, त्यामुळे कडेच्या गवतात एकट्याने उतरू नये आणि टेपचे पाण्याकडचे टोक हाताने न धरता लांब काठीला बांधावे.