रॉबर्ट वाईजकडून संकलन शिकताना

सातारा-वाई भागात मोबाईलवर लघुपट करणाऱ्यांमध्ये दिग्दर्शक आणि संकलक बहुधा एकच असतो. अशांनी हॉलिवूडचा संकलक-दिग्दर्शक रॉबर्ट वाईज बारकाईनं बघावा. 'वेस्ट साइड स्टोरी' (१९६१, जेरोम रॉबिन्ससोबत) आणि 'द साउंड ऑफ म्युझिक' (१९६५) या दोन्हींच्या दिग्दर्शनासाठी त्याला ऑस्कर मिळालं. पण तो घडला आरकेओ स्टुडिओत. १९३३ साली तिथे लागला, आधी आवाजाचं संकलन शिकला, मग चित्राचं.

'सिटिझन केन' (१९४१) त्यानंच संकलित केला. त्यातला न्याहारीचा प्रसंग पुन्हा पुन्हा बघण्यासारखा आहे. नायकाच्या पहिल्या लग्नाची काही वर्षं त्यात दोन-अडीच मिनिटांत सरतात. दोन तुकड्यांच्या मध्ये कॅमेरा झर्रकन वळतो, सगळं पुसट होतं आणि सांधा त्या पुसटपणात लपतो.

करायला जाल तर हे हमखास फसतं. पहिला शॉट संपताना कॅमेरा उजवीकडे वळला, तर पुढचा शॉटही उजवीकडेच आणि तितक्याच वेगानं वळत सुरू झाला पाहिजे. संवाद संपला म्हणून लगेच 'कट' म्हणू नका, वळण पूर्ण होऊ द्या. नाहीतर सांध्यासाठी पुसट फ्रेम उरतच नाहीत. मेणवलीच्या घाटावर भर दुपारी आणखी एक अडचण येते. उजेड जास्त म्हणून मोबाईल शटरचा वेग आपोआप वाढवतो, अगदी १/१००० सेकंदाच्याही पुढे नेतो. मग प्रत्येक फ्रेम स्वच्छ उमटते आणि वळण तुटक दिसतं. सेकंदाला २५ फ्रेम ठेवून शटर १/५० वर लॉक करा. त्यानं चित्र पांढरं पडेल, म्हणून लेन्सवर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, हवाच.

दिग्दर्शन वाईजकडे आलं ते 'द कर्स ऑफ द कॅट पीपल'चा (१९४४) आधीचा दिग्दर्शक वेळापत्रकात मागे पडल्यामुळे. पुढे 'द सेट-अप' (१९४९) या मुष्टियुद्धाच्या चित्रपटात कथेतला वेळ आणि पडद्यावरचा वेळ त्यानं एकच ठेवला, साधारण ७२ मिनिटं.

आवाजाची तालीम मात्र 'द हाँटिंग' (१९६३) या भयपटात पुरेपूर उतरली. भूत दिसत नाही. भिंतीवर धक्के बसतात, दार आत फुगतं, आणि दोन धक्क्यांमधली शांतता माणसाला छळते. जुन्या वाड्यात असं काही करणार असाल, तर चित्रीकरण आटोपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीचा नुसता आवाज मिनिटभर रेकॉर्ड करा. संपादनात धक्क्यांच्या मधली जागा त्यानंच भरायची. तिथे कोरी शांतता ठेवली, तर ऐकणाऱ्याला आवाज बंद पडल्यासारखं वाटतं.