जुन्या खांबाचा पाय

इंग्लंडच्या हेरफर्डशरमधल्या एका जुन्या शेतघराला मोठं स्वयंपाकघर आणि त्याच्यावर एक खोली, असा दुमजली भाग जोडायचा होता. मूळ घर सतराव्या शतकातलं, ओकच्या चौकटीचं. हा भागच तसल्या घरांचा आहे. वेब्ली, पेम्ब्रिज ही आजूबाजूची गावं काळं लाकूड आणि मधल्या पांढऱ्या गिलाव्यासाठी लोक मुद्दाम बघायला येतात. (लाकडाला काळा रंग फासायची हौस बरीचशी व्हिक्टोरियन काळातली. ओक नुसता ठेवला तर उन्हापावसात सुंदर रुपेरी होतो. डांबरासारखा काळा केलेला खांब दिसला की मला अजून हळहळ वाटते.)

घर वारसा यादीत होतं, ग्रेड टू. इंग्लंडच्या या यादीत सुमारे चार लाख नोंदी आहेत आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त ग्रेड टूच्या. अशा घरात परवानगीशिवाय फेरफार केला तर १९९० च्या कायद्याने तो फौजदारी गुन्हा ठरतो. मी या कामावर स्ट्रक्चरल इंजिनिअर होते. परवानग्यांना लागायचा तो वेळ लागला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

नवा भागही ओकचाच आणि तोही ओल्या ओकचा. हे ऐकून घरमालकीणबाई पहिल्याच भेटीत चपापल्या होत्या. ओलं लाकूड घरात कसं चालेल? त्यांना मी सांगितलं, की विंडसर किल्ल्यातलं सेंट जॉर्जेस हॉलचं छत १९९२ च्या आगीत गेलं, ते पुन्हा ओल्या ओकमध्येच बांधलं. पॅरिसच्या नोत्र दामचं २०१९ साली जळालेलं छप्परसुद्धा तसंच. कारण साधं आहे. ओक वाळवायला जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष धरतात, म्हणजे आठ इंची खांबाला आठ वर्षं झाली. तेवढं थांबलं, तरी वाळलेला ओक इतका टणक होतो की पटाशीची धार टिकत नाही. म्हणून सुतार तो ओलाच कापतात, ओलाच सांधतात, आणि मग तो घरातच उभ्याउभ्या वाळतो. वाळताना लांबीत फरक पडत नाही म्हटलं तरी चालेल, पण जाडीत तो आकसतो. २०० मिलिमीटरचा खांब काही वर्षांत १० मिलिमीटरच्या आसपास बारीक होतो. त्याला उभ्या भेगा पडतात, थोडा पीळ येतो, रात्री कधी मोठा आवाज होऊन लोक दचकून उठतात. खांबाची ताकद त्याने जात नाही.

माझा सगळा आग्रह याच आकसण्यावरून होता. जुनं घर जवळपास चारशे वर्षं वाळलेलं. त्याच्या लाकडाची हालचाल केव्हाच संपलेली, पण खाली दगडी जोत्याचा पाया उथळ, त्यामुळे चिकणमातीबरोबर ते हिवाळ्या-उन्हाळ्यात किंचित वरखाली होत राहतं. नवा भाग खोल काँक्रीटच्या पायावर, आणि त्याचं लाकूड पुढची कित्येक वर्षं आकसत राहणार. दोन्ही एकमेकांना घट्ट बांधली तर कुठेतरी ओढाताण होणारच. आर्किटेक्टच्या पहिल्या आराखड्यात नव्या तुळया जुन्या कोपऱ्याच्या खांबात घुसवलेल्या होत्या. त्यात ओकची एक अख्खी चौकट (दोन खांब आणि त्यांना जोडणारी आडवी तुळई) वाचत होती, आणि पैसे काही थोडे नव्हते. मी ऐकलं नाही. नवं घर स्वतःच्या चार चौकटींवर उभं राहील, शेवटची चौकट जुन्या भिंतीपासून ४० मिलिमीटर लांब राहील, मधल्या फटीत मेंढीच्या लोकरीचं अस्तर येईल आणि वरची झाकणपट्टी एकाच बाजूला ठोकली जाईल, म्हणजे दुसरी बाजू मोकळी सरकेल. बऱ्याच चर्चेनंतर ते मान्य झालं.

चौकट उभी करायचा दिवस ऑक्टोबरातला. सुतारांच्या कार्यशाळेत सगळे सांधे आधीच कापून, जोडून, तपासून झाले होते. प्रत्येक तुकड्यावर पटाशीने रोमन आकड्यांची खूण होती. चार लिहायचं तर ते चार उभ्या रेघाच मारतात, म्हणजे लाकूड उलटं पडलं तरी चार आणि सहा यांत घोळ होत नाही. जुन्या घराच्या खांबांवरही अशाच खुणा आहेत, हात फिरवला की बोटांना लागतात. सकाळी साडेसातला लॉरी आली, पाठोपाठ क्रेन. क्रेनचं भाडं दिवसावर असतं, त्यामुळे सगळ्यांना घाई.

त्याच वेळी बांधकाम कंत्राटदाराची दोन माणसं जुन्या भिंतीवरचं सिमेंट सोलत होती. परवानगीच्या अटीप्रमाणे सिमेंट फक्त जोडाच्या पट्ट्यातच काढायचं होतं. आत काय आहे ते त्याशिवाय कळणार नव्हतंच. दोन बोटं जाड पापुद्रा निघाला आणि त्यामागून, कोपऱ्याच्या खांबाच्या पायाशी, कॉफीच्या चोथ्यासारखा ओला काळपट भुगा घरंगळत खाली आला. मी वाकून स्क्रू-ड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. खांब ज्या आडव्या तुळईवर उभा असतो ती तळतुळई तिथे उरलीच नव्हती. खांबाचा खालचा हातभर भाग पोकळ, आणि त्यात किड्यांची गोल भोकं. हा किडा, इथे त्याला डेथवॉच बीटल म्हणतात, मुख्यतः ओलसर जुन्या ओकसारख्या लाकडावर जगतो. खांब उभा होता तो बाजूच्या आडव्या लाकडांच्या आणि खुद्द त्या सिमेंटच्या आधारावर.

हे सिमेंट गेल्या शतकात कुणीतरी घर जपायच्या हेतूनेच लावलं असणार. मूळचा गिलावा चुन्याचा. पाऊस लागला की तो ओला होतो आणि वारा लागला की वाळतो. सिमेंटला बारीक तडा जातो, त्यातून पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट मिळत नाही. ते खाली उतरून तळतुळईवर साचतं. चारशे वर्षं टिकलेल्या लाकडाला कुजायला मग काही दशकं पुरतात. आमच्या वाईच्या वाड्यात सागाचे खांब दगडी तळखड्यांवर उभे आहेत, पाय कोरडा राहावा म्हणून. इंग्लंडमध्येही जोतं त्यासाठीच असतं. इथे अंगणाची फरसबंदी कधीतरी वाढवत नेल्यामुळे जमीन जोत्याच्या वर आली होती. दोन्ही गोष्टी एकाच कोपऱ्यावर आल्या.

साइटवरच्या मॅनेजरने लगेच तोडगा काढला. कुजलेला पाय कापा, पोलादी खांब बोल्टने बसवा, दोन तासांत मोकळे. मी ठाम नाही म्हटलं. एक तर परवानगीशिवाय त्या खांबाला करवत लावायची नव्हती. दुसरं म्हणजे ओकमध्ये टॅनिन आणि आम्लं असतात. ओल असली की साधं पोलाद त्यात गंजतं आणि लाकूड निळंकाळं पडतं. म्हणून ओकमध्ये धातू घालायचाच तर स्टेनलेस स्टील. आणि मुख्य म्हणजे चारशे वर्षांचा खांब वरून ठणठणीत होता. मुख्य सुतार तोवर येऊन गुडघ्यावर बसला होता. त्याने मोगरीच्या दांड्याने खांबावर खालून वर ठोकत आवाज ऐकला आणि छातीच्या खाली एके ठिकाणी पेन्सिलने रेघ मारली. "इथून वर सगळं निरोगी आहे. एवढंच बदलू." नंतर ड्रिलने तपासलं तेव्हा त्याची रेघ बरोबर निघाली.

प्रश्न त्या दिवसाचा होता. खांबावर छपराचं आणि मजल्याचं मिळून तीन टनांहून थोडं जास्त ओझं येत होतं. ते ताबडतोब उचलून धरायला हवं होतं, आणि त्यासाठी भिंतीला बाहेरून तिरके टेकू लागणार होते. ते टेकू नेमके आमच्या चौथ्या चौकटीच्या जागेवर येत होते. मग आलेली क्रेन आणि लॉरी परत पाठवायची का?

इथे दोन गोष्टी कामाला आल्या. नवं घर जुन्यावर कुठेच टेकत नव्हतं. आणि भिंतीच्या माथ्यावरून लांबीत जाणाऱ्या तुळया दोन तुकड्यांच्या होत्या, त्यांचा सांधा तिसऱ्या चौकटीच्या जरा पुढे पडत होता. म्हणजे लांबच्या टोकाकडून सुरुवात करून तीन चौकटी उभ्या करता येतील, सांध्यापाशी थांबता येईल, आणि चौथी नंतर येईल. फक्त तीन चौकटींचा तो अर्धवट सांगाडा हिवाळ्याच्या वाऱ्यात तग धरेल का, ते पाहायचं होतं. व्हॅनच्या मागच्या फळीवर कागद ठेवून मी वाऱ्याचा हिशोब मांडला, प्रत्येक गाळ्याला तात्पुरते तिरके आधार वाढवले, तो कागद सही करून सुताराच्या हातात दिला. दरम्यान वारसा विभागाच्या अधिकारी फोनवर होत्या, दुपारी स्वतः आल्या. भिंतीला आधार द्यायला त्यांनी लगेच होकार दिला, दुरुस्तीचा तपशील लेखी मागितला. मला त्यांचं वागणं फार आवडलं. त्या आधी खांबापाशी गेल्या, कागदपत्रांकडे नंतर वळल्या.

आधी टेकू लागले. हायड्रॉलिक जॅक हळूहळू, केसभर वर. भिंत उचलायची नव्हती, फक्त तिचं ओझं हातात घ्यायचं होतं. आत बाईंनी चहाची किटली ठेवली होती ती खोली आम्ही रिकामी करून घेतली. मग क्रेन चालू झाली.

पहिली चौकट उचलली तेव्हा सगळे गप्प होते. तिची आडवी तुळई एकटीच अर्ध्या टनाची. चौकट हवेत आडवीची उभी होते, दोन माणसं दोराने तिला वळवतात, आणि खांबाच्या टोकाची जीभ खालच्या खाचेत अलगद बसते. बसते तेव्हा खोल, दबका आवाज येतो. त्यानंतर खुंट्या. मला या कामातलं सगळ्यात सुंदर काय वाटतं विचाराल, तर ही खुंटी. खाचेतलं भोक आणि जिभेतलं भोक मुद्दाम चार-पाच मिलिमीटर मागेपुढे पाडलेलं असतं. खुंटी वाळलेल्या ओकची, रेषेत चिरून निमुळती केलेली. ती ठोकली की वाकडी वाट काढत जाते आणि जाताना जिभेला आत ओढते. डोळ्यांदेखत फट मिटते, लाकडातून पाण्याचे थेंब बाहेर येतात. पुढे ओलं लाकूड आकसून कोरड्या खुंटीला आणखी धरतं. अख्ख्या चौकटीत एक खिळा नाही.

अंधार पडायच्या आत तीन चौकटी उभ्या राहिल्या, मधल्या तुळया आणि तिरके आधार बसले. बाई कुंपणापाशी उभ्या राहून बघत होत्या. मी त्यांना खर्च वाढणार हे स्पष्ट सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "घर पडलं असतं का?" मी म्हटलं, कधी ते सांगता आलं नसतं, पण फरशीसाठी तिथे खणलं असतं तर बहुतेक त्याच दिवशी.

दुरुस्तीला काही आठवडे गेले. तिच्यासाठी लाकूड मात्र वाळलेलंच हवं होतं. जुन्या कोरड्या खांबाला ओला तुकडा जोडला तर तो आकसून सांध्यातून सुटतो. सुताराने एका पाडलेल्या धान्यकोठाराची जुनी तुळई शोधून आणली. खांबाच्या निरोगी भागात लांब तिरका सांधा कापला, खाली नवा पाय बसवला, खुंट्या मारल्या, तळतुळईचा तुकडा बदलला. अंगणाची जमीन उतरवली, गिलावा चुन्याचा केला. जॅक सैल केले तेव्हा मी मायक्रोमीटर लावून बसले होते. खांब अर्धा मिलिमीटर खाली आला आणि थांबला. त्यानंतर चौथी चौकट आली, माथ्याच्या तुळयांचे सांधे जुळले, आणि जुन्या भिंतीपर्यंत ४० मिलिमीटरची फट शिल्लक राहिली.

आता स्वयंपाकघर वापरात आहे. खांबांना पहिल्या भेगा पडल्या आहेत आणि झाकणपट्टीची मोकळी कड दोन मिलिमीटर सरकली आहे. जुन्या घराच्या उरलेल्या भिंतींवर मात्र अजून सिमेंट आहे. ते काढायची परवानगी मिळाली असून काम पुढच्या उन्हाळ्यात सुरू होईल. पहिला पापुद्रा निघेल तेव्हा मी तिथे असणार आहे, आणि टेकू आधीच मागवून ठेवायला सांगितलं आहे.