चंद्रोदय आणि किचनच्या वेळा

आमच्याकडे प्रवासाचं प्लॅनिंग नवरा करतो आणि जेवणाचं मी, ही वाटणी लग्न झाल्यापासूनची आहे आणि आजपर्यंत कधी भांडण झालं नाही, कारण प्रवासात जेवण म्हणजे काय तर दशम्या, चटणी आणि स्टेशनवरचा चहा. पण या मेमध्ये स्पेनमधल्या सेव्हिलला जायचं ठरलं (लेक सहा महिने तिकडे शिकायला होती) आणि सोबत सरूमावशी निघाली. वय ७१, मुक्काम नाशिक, दोन्ही गुडघे कुरकुरतात. आणि तिकिटं काढून झाल्यावर दोन दिवसांनी तिचा फोन, अगं, दुसऱ्या दिवशी संकष्टी आहे बघ.

आता सेव्हिलमध्ये आमच्या रात्री फक्त दोन. पहिली प्रवासाच्या शिणवट्यात जाणार हे नक्की. म्हणजे ज्याच्यासाठी मी महिनाभर व्हिडिओ बघत होते ते तापास बारमधलं जेवण (तापास म्हणजे इवल्याशा बशांतून येणारे पदार्थ) संकष्टीच्याच रात्री. जागाही ठरवलेली होती, सांता कातालिना चर्चजवळचा एल रिंकोनसियो, जो १६७० सालापासून चालू आहे. १६७० म्हणजे ज्या साली तानाजींनी कोंढाणा घेतला. हे मी नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, तेव्हापासून गर्दी असेल तर आपल्याला काय जागा मिळणार.

मी म्हटलं, संकष्टी तर संकष्टी, चंद्रोदयानंतर जेवू, नाहीतरी स्पेनमध्ये लोक रात्री नऊ-साडेनऊशिवाय जेवायला बसत नाहीत, उलट बरंच झालं, बाप्पानेच टायमिंग जुळवून दिलं. मग उत्साहाने मोबाईलवर सेव्हिलचा चंद्रोदय बघितला. रात्री साडेबाराच्या पुढे! मला वाटलं ॲप बिघडलं, दुसरं बघितलं, तेच. शेवटी लेकीने समजावलं. सेव्हिल नकाशावर बघ कुठे आहे, इंग्लंडच्याही पश्चिमेला सरकलेलं, पण १९४० मध्ये स्पेनचा हुकूमशहा फ्रँकोने देशाची घड्याळं एक तास पुढे करून जर्मनीच्या वेळेला नेऊन जोडली आणि ती परत मागे आलीच नाहीत, वर उन्हाळ्याचा आणखी एक तास. त्यामुळे मे महिन्यात सेव्हिलला सूर्य डोक्यावर येतो दुपारी सव्वादोनच्या सुमारास. लोक दोन-अडीचला जेवतात ते आळशी म्हणून नाही, त्यांच्या सूर्याचे तेव्हा कुठे बारा वाजलेले असतात. सूर्याचं असं तर चंद्राचंही तसंच. आणि किचन साधारण साडेअकराला आवरायला घेतात, म्हणजे चंद्र उगवेपर्यंत कढई धुवून पालथी.

हे मावशीला कसं सांगायचं? मी घाबरत घाबरत सांगितलं, तर ती शांतपणे म्हणाली, "माझा उपास नाशिकच्या चंद्रावर असतो." नाशिकला चंद्रोदय सव्वादहाला, म्हणजे सेव्हिलला संध्याकाळी पावणेसात. प्रश्न सुटला म्हणून मी सुस्कारा सोडला तर लेक म्हणते, आई, पावणेसातला इथे कुठेही गरम जेवण मिळत नाही. दुपारी साडेचारच्या सुमाराला बहुतेकांचं किचन बंद होतं ते आठला उघडतं. मधल्या वेळात कॉफी घ्या, आईस्क्रीम घ्या, चिप्स घ्या. म्हणजे एक चंद्र किचन उघडायच्या आधी आणि दुसरा बंद झाल्यावर. मी इतकं गुंतागुंतीचं जेवण लेकीच्या बारशालाही प्लॅन केलं नव्हतं.

तोवर नवऱ्याने माझ्या खात्यात ढवळाढवळ सुरू केली होती, म्हणजे एक्सेल. माणशी तीन तापास, चार माणसं, एकूण बारा, पुढे किंमत, त्याच्यापुढे व्हेज-नॉनव्हेज. लेकीने ती शीट बघून कपाळाला हात लावला. तापास असे मागवत नाहीत म्हणे. दोन मागवायचे, संपवायचे, मग काचेतून काय दिसतंय, शेजारचा काय खातोय ते बघून पुढचे दोन. तापा म्हणजे झाकण. पूर्वी वाइनच्या ग्लासवर माश्या बसू नयेत म्हणून पावाची नाहीतर हॅमची चकती ठेवायचे, त्यावरून नाव पडलं असं सांगतात, अशा गोष्टींत खरं किती हे सोडा, पण झाकणं एकदम बारा मागवायची नाहीत एवढं आम्हाला कळलं. तरी आपल्या माणसाच्या डोळ्यासमोर ताट असतं हो. डावीकडे चटणी, उजवीकडे भाजी, मधे भात, सगळं एका नजरेत. पुढचा पदार्थ कुठला हे माहीत नसताना जेवायला सुरुवात करायची याने नवरा खरंच अस्वस्थ झाला होता.

व्हेजचं प्रकरण वेगळंच. आदल्या रात्री विमानतळावरून आल्यावर घराजवळ एका ठिकाणी शिरलो, लेक म्हणाली मांस नको असं सांगते, आणि आली ती भाजी, वर बारीक चिरलेला हॅम पेरलेला, आपण कोथिंबीर पेरतो तसा. परत विचारलं तर वेटर म्हणतो, हे मांस नाही, हे हामोन आहे. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी अजिबात नव्हती, त्याला खरोखर तसंच वाटत होतं. तेव्हापासून मावशीला पाठ करून घेतलं: सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून. मांस नको, हॅम नको, ट्यूना नको. ती ते रामरक्षा म्हणावी तसं एका दमात म्हणायची.

संकष्टीला दिवसभर तिने काय खाल्लं तर बटाटा. तिकडे ऑलिव्ह तेलात तळलेल्या, नुसतं मीठ लावलेल्या चकत्या मिळतात, तळलेले बदाम मिळतात, दोन्ही पास. ऑलिव्हवर मात्र अर्धा तास चर्चा. चालतं का, न चालायला कारण काय, कुठल्या पुस्तकात लिहिलेलंच नाही. शेवटी मावशीने निकाल दिला, झाडाचं फळ आहे, मिठात मुरवलंय, आवळा चालतो तर हेही चालतं. मी तिला सांगितलं की तुझा उपास मुळात याच गावातून आलाय म्हण हवं तर. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, साबुदाण्याचा कंद, सगळं अमेरिकेचं, आणि १५०३ पासून दोनशे वर्षं स्पेनचा अमेरिकेशी व्यापार सेव्हिलमधूनच व्हायचा. इथल्या एका हॉस्पिटलच्या हिशेबात १५७३ साली बटाटे विकत घेतल्याची नोंद आहे. मावशी म्हणाली, "हॉस्पिटलात? म्हणजे पथ्याचं म्हणूनच ना."

पावणेसातला लेकीच्या खोलीत नाशिकचा व्हिडिओ कॉल. मामी मोबाईल घेऊन गच्चीवर गेली, आधी पाण्याची टाकी दिसली, मग शेजाऱ्यांची वाळत घातलेली चादर, मग "अगं थांब, वर कर, अजून वर," आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात एक पिवळट ठिपका हलायला लागला. बाहेर सेव्हिलमध्ये कडक ऊन, अंगणात शर्ट वाळतायत, आणि मावशीने खिडकीत उभं राहून त्या ठिपक्याला हात जोडले. अर्घ्य कुंडीतल्या जिरेनियमला. नैवेद्य नाशिकहून आणलेल्या खोबऱ्याच्या वडीचा.

आणि मग बरोब्बर आठला आम्ही एल रिंकोनसियोच्या दारात. ही वेळ माझी आयडिया, त्याचं श्रेय मी सोडणार नाही. स्थानिक लोक साडेनऊशिवाय येत नाहीत, बारपाशी उभं राहूनच खायचं असतं, त्यामुळे लवकर गेलं तर कोपर टेकवायला जागा मिळते, आणि मावशीच्या गुडघ्यांसाठी तेवढं कोपर फार महत्त्वाचं होतं. आत जुनं काळपट लाकूड, बाटल्यांनी छतापर्यंत भरलेली कपाटं, वर हॅमचे आख्खे पाय टांगलेले. मावशीने एकदा वर बघितलं आणि नंतर अर्धा तास वर बघितलंच नाही.

पहिली आली एस्पिनाकास कोन गार्बान्सोस, पालक आणि काबुली चणे. इवलीशी बशी, चमच्याने घ्यायचा हिरवाकाळा दाट लगदा, वरून तेलाची तुकतुकी. मावशीने पाठ केलेलं सगळं म्हणून घेतलं, बारवाल्याने तीनही वेळा मान हलवली, मग तिने वास घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, जिरं!" जिरं, लसूण, थोडं व्हिनेगर, आणि दाटपणासाठी आपण डाळीचं पीठ लावतो तिथे हे तळलेला पाव वाटून लावतात. मी घरी करून बघितलंय, पाव शिळाच लागतो, ताज्याची लापशी होते. तिने दुसरी बशी मागवली, मग तिसरी. उपासाच्या माणसाला भूक नाही, मी नुसती बघायला येते, असं म्हणून आलेली बाई. आम्ही दोघांनी तिच्या पाठीमागे कॉड माशाची भजी खाल्ली, संकष्टीला आमच्याकडे मासे चालत नाहीत, म्हणजे मावशीला दिसेल असे चालत नाहीत.

नवरा मात्र वेगळ्याच गोष्टीत हरवला होता. तिथे बिल लिहितात ते लाकडी बारवर, तुमच्या समोरच, खडूने. बशी आली की एक आकडा, दुसरी आली की त्याच्याखाली दुसरा. शेवटी आडवी रेघ, तोंडी बेरीज. नवऱ्याने मोबाईलवर पडताळली, बरोबर आली. पैसे दिल्यावर त्या माणसाने ओलं फडकं फिरवलं आणि आमचं सगळं जेवण पुसून टाकलं, तर नवरा लहान मुलासारखा "अरे थांब, फोटो!" असं मराठीत ओरडला.

नंतर चौकात बसलो, आईस्क्रीम खाल्लं, अकरा वाजता तान्ही पोरं घेऊन लोक जेवायला निघाले होते ते बघत बसलो. लेकीची खोली नदीपलीकडे त्रियानात, टॅक्सी पुलाच्या अलीकडेच सोडली कारण मावशीला पाणी बघायचं होतं. एक वाजून गेला असेल. पुलाच्या मध्यावर ती थांबली. तोरे देल ओरो या नदीकाठच्या जुन्या बुरुजाच्या बाजूला, छपरांच्या जरा वर, एका बाजूने झिजलेला, तांबूस, चांगला मोठा चंद्र आला होता.

मावशीने त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "आता कशाला आलास?"

मग कठड्याला पर्स टेकवून तिने हात जोडले ते जोडलेच, आणि मला म्हणाली, "वडी उरलीये का बघ एखादी."