माजाच्या आधीचे दिवस : किकापू खोऱ्यात पांढरशेपट्या हरणामागे

विस्कॉन्सिनच्या नैऋत्येला ड्रिफ्टलेस नावाचा डोंगराळ पट्टा आहे. हिमयुगात आजूबाजूचा मुलूख बर्फाने घासून सपाट केला, एवढा पट्टा मात्र सुटला. म्हणून इथे सोंडा आहेत, घळी आहेत, खिंडी आहेत, आणि सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला इथला नकाशा पटकन वाचता येतो. मॅडिसनहून स्प्रिंग ग्रीन, रिचलंड सेंटर करत साधारण दोन तासांत किकापू नदीच्या खोऱ्यात उतरता येतं. तिथे ला फार्ज गावाजवळ माझ्या ऑफिसमधल्या मित्राच्या वडिलांची शेती आणि जंगल आहे. काकांनी सत्तरी ओलांडली आहे आणि तरुणपणापासून ते धनुष्यबाणाने हरणाची शिकार करतात. यंदा ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांनी मला सोबत बोलावलं. हत्यार त्यांच्याकडे, मी फक्त पाहायला.

शिकार म्हटलं की आपल्याकडे कपाळाला आठी पडते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाढलेल्या माझ्या पिढीचं ते साहजिकच आहे. इथली परिस्थिती वेगळी आहे, ती समजून घ्यायला हवी. १९००च्या सुमारास बेसुमार कत्तलीमुळे अख्ख्या अमेरिकेत पांढरशेपट्या हरीण पाचेक लाखांवर आलं होतं. मग विक्रीसाठीची शिकार थांबली, हंगाम ठरले, परवाने आले. १९३७च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जाऊ लागला, पुढे त्यात धनुष्यबाणही आले. आज ही हरणं तीन कोटींच्या घरात आहेत. ड्रिफ्टलेसमध्ये लांडगे फारसे नाहीत, आणि हरणं फार झाली की ओकची रोपं वर यायच्या आत खाल्ली जातात. धनुष्यबाणाच्या शिकारीचा हंगाम पहिल्यांदा याच राज्याने सुरू केला, १९३४ साली, दोन जिल्ह्यांत.

आता ऑक्टोबरची अखेरच का, ते सांगतो. हे हरीण माजावर येतं ते दिवस लहान होत जातात त्या हिशोबाने. थंडी लवकर पडली किंवा लांबली तरी तारीख फारशी हलत नाही. उत्तरेकडच्या राज्यांत बहुतेक माद्या नोव्हेंबरच्या मध्याच्या आसपास फळतात, सुमारे दोनशे दिवसांनी, म्हणजे मे-जूनमध्ये, हिरवा चारा असताना पाडसं जन्मतात. नराच्या शिंगांवरची मखमल सप्टेंबरच्या सुरुवातीलाच गळते. उन्हाळाभर गुण्यागोविंदाने एकत्र चरणारे नर मग वेगळे होतात. नोव्हेंबरात ते माद्यांमागे अक्षरशः कुठेही धावतात, तेव्हा कोण कुठून येईल याचा भरवसा नसतो. पण त्याआधीचे आठ-दहा दिवस असे असतात, की नराच्या अंगात माज भिनायला लागलेला असतो आणि तरी तो अजून आपल्या सवयी सोडत नाही. रोजची बसायची जागा तीच, खायची जागा तीच. फक्त अंधार पडायच्या थोडा आधी उठतो. काकांची सगळी शिकार या थोड्या उजेडावर उभी आहे.

पहिल्या दुपारी त्यांनी मला शेताच्या बांधावर नेलं. मक्याच्या कडेला एका ओकखाली परातीएवढी जागा पालापाचोळा बाजूला सारून खरवडलेली होती, खालची काळी माती ओली आणि उग्र वासाची. मी मातीकडे पाहत होतो. काकांनी माझी नजर वर वळवली. बरोबर त्या जागेवर, माझ्या छातीच्या उंचीला, एक फांदी लोंबत होती आणि तिचं टोक चघळून चघळून ब्रशसारखं झालं होतं. नर या फांदीला कपाळ आणि डोळ्यांजवळच्या ग्रंथी घासतो, ती चाटतो, मग पुढच्या खुरांनी माती उकरतो आणि मागचे पाय जुळवून घोट्यांच्या वर असलेल्या केसांच्या झुपक्यांवरून मुततो. एकाच फांदीवर अनेक नर हजेरी लावतात, माद्यासुद्धा येऊन हुंगून जातात.

"मग इथेच बसायचं ना?" मी विचारलं.

"इथे तो रात्री येतो," काका म्हणाले. "बांधावरची खूण पाहायची आणि पुढे जायचं. बसायचं तो उजेडात जिथे असतो तिथे."

ते 'तिथे' म्हणजे नराच्या झोपण्याच्या जागेपासून त्याच्या खाण्याच्या जागेकडे जाणाऱ्या वाटेचा पहिला टप्पा. मोठा नर सोंडेच्या टोकाजवळ, वाऱ्याच्या आडोशाच्या अंगाला बसतो. पाठीमागून वारा वास आणतो, समोरचा उतार डोळ्यांना दिसतो. सप्टेंबरात तो सोयाबीनवर असतो. पानं पिवळी पडली आणि ओकची फळं गळू लागली की शेत सोडून जंगलातच चरतो. ऑक्टोबरात हरणं गायब होतात अशी तक्रार पुष्कळ शिकारी करतात, त्यामागे बरंचसं हेच कारण आहे. त्यातही पांढऱ्या ओकची फळं आधी संपतात, कारण लाल ओकच्या फळांत तुरटपणा जास्त. झाड ओळखायची खूण सोपी आहे : पांढऱ्या ओकच्या पानाच्या कडा गोलसर, लाल ओकच्या टोकदार.

काकांकडे अशी एक जागा होती. सोंडेच्या दक्षिण उतारावर सपाट टप्पा, त्यावर पांढरे ओक, मधे उकरलेली मोठी खूण, आणि टप्प्याच्या पूर्वेला एकदम कोसळणारी खोल घळ. मचाण घळीच्या काठावर, वीसेक फूट उंच. ही जागा फक्त वायव्येचा वारा असतानाच चालते. त्या वाऱ्यात माणसाचा वास घळीत जातो. संध्याकाळी ऊन उतरल्यावर थंड हवा उताराने खाली सरकते तीही घळीतच जाते, आणि त्या कड्यावरून हरीण चालत नाही.

आम्ही पोहोचलो तेव्हा वारा दक्षिणेचा होता, म्हणून गेलो नाही. मला हे जड गेलं. सुट्टी काढून आलेला माणूस जंगलाकडे पाहत ओसरीवर बसतो, आणि काका शांतपणे बाणांची पिसं तपासतात. पण याच संयमावर माझा आता पूर्ण विश्वास बसला आहे. मोठ्या नराला एकदा माणसाचा वास लागला की तो जागा सोडत नाही, फक्त उजेडात यायचं सोडतो. मचाणावरची पहिली बैठकच सर्वांत मोलाची, ती चुकीच्या वाऱ्यात वाया घालवायची नाही. पहाटेही काका या दिवसांत जात नाहीत, कारण हरणं तेव्हा शेतांत असतात आणि जाताना त्यांच्यातूनच जावं लागतं.

त्या मोकळ्या वेळात मी किकापू व्हॅली रिझर्व्ह फिरलो. गावाच्या वर नदीवर धरण बांधायला घेतलं होतं, शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, आणि १९७५ साली काम अर्धवट थांबलं. पाणी कधी अडलंच नाही, काँक्रीटचा मनोरा तेवढा उभा आहे. त्या ८,६०० एकरांत आज जंगल आहे, आणि त्याचा कारभार राज्य आणि हो-चंक हे इथले मूळनिवासी लोक मिळून पाहतात. कोयना-उजनीच्या विस्थापितांच्या कथा ऐकत मोठं झालेल्याला तिथे पाय ओढत चालावं लागतं.

मग थंड वारा आला. पारा भराभर उतरला, वारा वायव्येला फिरला, आणि काका दुपारी दोनलाच उठले. ओढ्यातून, पाण्यात पाय ठेवत, मग घळीच्या तळातून वर. सरळ वाटेच्या दुप्पट वेळ लागला, पण हरणाच्या एकाही वाटेला आमचा पाय लागला नाही. सुरक्षेचे पट्टे झाडाला बांधूनच वर चढलो.

साडेचारच्या सुमारास एक तरुण नर आला. खुणेपाशी थांबून त्याने फांदी तोंडात धरली, डोळे मिटून घासली. काका हलले नाहीत. नंतर त्यांनी सोबत आणलेला शिंगांचा जोड हलकेच एकमेकांवर टेकवला, खडखडाट नाही. या दिवसांत नर एकमेकांची ताकद अजमावत असतात, जिवावरची झुंज नंतरची. आताच झुंजीचा आवाज केला तर जाणता नर बिचकतो.

सूर्य मावळायला आला तेव्हा मोठा नर दिसला. तो खुणेपाशी गेलाच नाही. वाऱ्याखालून, म्हणजे खुणेवरचा वास वाऱ्याबरोबर जिकडे येतो त्या बाजूने, लांबूनच हुंगत निघाला. आणि वाऱ्याखाली जायला त्याच्याकडे खूण आणि घळ यांच्यामधली चिंचोळी पट्टीच होती, म्हणजे आमच्या मचाणापासून जेमतेम वीस यार्ड. काकांनी ही जागा का निवडली ते मला त्या क्षणी डोळ्यांनी दिसलं. त्याचं डोकं झाडामागे गेलं तेव्हा त्यांनी धनुष्य ताणलं, तो पुढे आला, बाण सुटला.

आम्ही अर्धा तास खाली उतरलो नाही. जखमी जनावर पाठलागाने आणखी पळतं, हे काकांचं ठाम म्हणणं. बॅटरीच्या उजेडात पहिला थेंब ओकच्या पानावर सापडला : फिका, गुलाबी, बारीक बुडबुड्यांचा. म्हणजे फुप्फुसातून. शंभरेक पावलांवर नर पडलेला होता. काकांनी टोपी काढली आणि त्याच्या मानेवर हात ठेवून थोडा वेळ बसून राहिले. माझ्या पोटात कालवलं, ते मी नाकारणार नाही. तरीही तिथे काही हलकंसलकं घडलं असं मला वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामं होती. शिकार ऑनलाइन नोंदवावी लागते, ती सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत. आणि तपासणी. हरणांच्या मेंदूचा एक असाध्य रोग, सीडब्ल्यूडी, या राज्यात २००२ साली पहिल्यांदा आढळला. माणसाला तो झाल्याची नोंद नाही, पण बाधित हरणाचं मांस खाऊ नये असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे. त्यासाठी ठिकठिकाणी पेट्या ठेवल्या आहेत : मान-डोकं पिशवीत घालायचं, माहितीचा कागद जोडायचा, पेटीत टाकायचं. तपासणी फुकट होते. निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये, नाव-तारीख लिहून.

कोणाला या खोऱ्यात फक्त फिरायला जायचं असेल तर ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा उत्तम, ओक तेव्हा तांबूस असतात. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या (महिन्यातला चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. त्या दिवसांत रिझर्व्हमध्ये चालायचं असेल तर भडक नारिंगी जाकीट घालूनच जा. हरणांना तो रंग नीट कळत नाही, माणसांना लांबूनही दिसतो.