पट्टीवरच्या रेघा नाही, घरं मोजायची

मुलांना पट्टीने लांबी मोजायला शिकवताना आपण सहसा काय करतो, तर पट्टी हातात देतो, "शून्य इथे लाव, दुसरं टोक कुठे येतंय ते वाच" असं सांगतो आणि मूल 7 सेंटीमीटर म्हणालं की झालं शिकवून. मला हे अजिबात पुरेसं वाटत नाही. मुलाला आकडा वाचता आला, मोजणं कळलं की नाही ते अजून कुठे दिसलंय?

बघायचं असेल तर पेन्सिल शून्याला न लावता 3 वर लावा, दुसरं टोक 8 वर येऊ दे आणि विचारा किती लांब आहे. बरीच मुलं सरळ 8 म्हणतात, कारण टोकाशी असलेला आकडा सांगायचा एवढंच त्यांना माहितीये. काही जण 6 म्हणतात, आणि मला हे 6 वालं उत्तर जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्या मुलाने खरंच मोजलेलं असतं, बोट ठेवून तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, झाल्या सहा रेघा. फक्त लांबी रेघांमध्ये नसते, दोन रेघांच्या मधल्या जागेत असते. तेव्हा नुसतं "चुकलं" म्हणून पुढे जाऊ नका, बोट सरकवत दाखवा, 3 ते 4 हे एक घर, 4 ते 5 दुसरं, असं करत 8 पर्यंत पाच घरं. तुटकी पट्टी असेल तर फारच छान, तिच्यावर शून्यच नाही म्हटल्यावर घरं मोजण्याशिवाय इलाजच नसतो.

खरं तर पट्टीच्या आधी थोडे दिवस पेपर क्लिप वापराव्यात असं माझं ठाम मत आहे. वहीच्या कडेला एकसारख्या क्लिप टोकाला टोक लावून मांडायच्या, मध्ये फट नको आणि एकावर एक चढायला नको. मग मुद्दाम एक मोठी क्लिप मिसळून द्या, मुलं स्वतःच कुरकुर करतात की असं कसं चालेल! यानंतर कागदाची पट्टी घरीच बनवायची, एक-एक सेंटीमीटरचे दोन रंगांचे तुकडे आलटून पालटून चिकटवायचे आणि आकडे मुलालाच लिहू द्यायचे. पहिलं घर जिथे संपतं तिथे 1 आला की मग सुरुवातीला काय लिहायचं हा प्रश्न आपोआप येतो, आणि शून्य कशासाठी असतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

विकतच्या पट्टीत एक गोष्ट आधी दाखवून द्या, बऱ्याच पट्ट्यांवर शून्य अगदी कडेला नसतं, थोडं आत असतं, मुलं मात्र कड लावून मोकळी होतात. आणि दुसऱ्या बाजूला इंच असतात, 1 इंच म्हणजे 2.54 सेंटीमीटर, त्यामुळे एका बाजूने 4 आलेली वस्तू पट्टी उलटून मोजली की 10 च्या जरा पुढे जाते. म्हणून उत्तर नुसतं "4" आलं की "4 काय?" हे दरवेळी विचारायचं.

मिलीमीटरची घाई नको. घरं मोजणं पक्कं झालं, की एखादी वस्तू 6 आणि 7 च्या मध्ये संपतेच, आणि मूल विचारतं आता काय सांगू. तेव्हा त्या एका घरातली दहा छोटी घरं दाखवायची.