'वर्कशॉप' या एका शब्दावर अडलेली फाईल : माझा अनुभव

परिषदेला पेपर वाचायला गेले होते, त्या प्रवासखर्चातले तिकिटाचे पैसे मागच्या आठवड्यात संस्थेकडून खात्यात आले, म्हणून आता लिहायला बसले. भाषा, मानसशास्त्र आणि कॉम्प्युटर अशा तिघांच्या मिळून ज्या परिषदा होतात, तिथे नागपुरातून कोणी पहिल्यांदा पेपर घेऊन जात असेल तर खर्चाच्या मंजुरीत माझे गेले तसे त्याचे अडीच महिने जाऊ नयेत, एवढ्यासाठी.

माझा विषय म्हणजे शब्द माहीत असतो पण ऐन वेळी आठवत नाही, ते. 1966 मध्ये ब्राऊन आणि मॅकनील या दोघा मानसशास्त्रज्ञांनी हार्वर्डमध्ये विद्यार्थ्यांना अवघड शब्दांच्या नुसत्या व्याख्या वाचून दाखवल्या होत्या. ज्यांना शब्द आठवत नव्हता त्यांनाही पहिलं अक्षर कोणतं, शब्द केवढा लांब, हे बऱ्याचदा बरोबर सांगता आलं. तेच मी मराठीत केलं, महालात आणि सदरमध्ये ओळखीच्या घरी बसून. महालातल्या एका काकूंना विचारलं, सुपारी कातरायचं जे असते त्याला काय म्हणता, तर त्या उजव्या हाताची मूठ उघडमीट करत राहिल्या, "अ नं सुरू होते ना वं, तोंडावर हाय, पन आठवूनच नाही राहिलं". मी चहा पिऊन चपला घालत होते तेव्हा आतून ओरडल्या, अडकित्ता! आधी हात आठवला, मग पहिलं अक्षर, शब्द सगळ्यात शेवटी. आपला छापील शब्दकोश मात्र शब्दापासून सुरू होतो, अर्थ नंतर. माणूस अर्थ हातात घेऊन शब्द शोधत येतो, त्याच्यासाठी कॉम्प्युटरवरचा शब्दकोश कसा रचायचा, हे माझ्या पेपरात आहे.

पेपर लिहिणं, पाठवणं, रिव्ह्यू येणं, यात काही त्रास झाला नाही. हैदराबादला एका मोठ्या परिषदेला जोडून वर्कशॉप होती, तिथे निवड झाली. मेल आला त्या दिवशी मी आईला घेऊन धरमपेठेत जेवायला गेले.

आणि मग ऑफिस. आमच्या संस्थेत प्रवासखर्चाचे दोन फॉर्म आहेत. एक परिषदेचा, त्यात तिकीट, राहणं, नोंदणी फी सगळं मिळतं. दुसरा कार्यशाळेचा, त्यात फक्त फी. माझ्या पत्रावर 'वर्कशॉप' लिहिलेलं. टेबलवरच्या भाऊंनी त्या शब्दाला लाल पेनानं गोल केला आणि म्हणाले, "मॅडम, हे नियमात बसून नाही राहिलं. कार्यशाळेत माणूस शिकायला जाते. पेपर कायचा वाचता?"

आता कॉम्प्युटर आणि भाषेच्या क्षेत्रात वर्कशॉप म्हणजे वेगळंच असतं हो. तिथे पेपर दोन-तीन जण तपासतात, नाव झाकून तपासतात, नाकारतातही, आणि निवडलेले पेपर छापून येतात. मी समजावलं. दुसऱ्या दिवशी प्रिंट घेऊन गेले. कोलिंग ही कॉम्प्युटर आणि भाषेवरची, 1965 पासून चालू असलेली आंतरराष्ट्रीय परिषद, 2012 मध्ये ती मुंबईला आयआयटीत भरली होती, आणि तिच्यासोबत शब्दकोश आणि मानवी आकलन या विषयावरची कॉगअ‍ॅलेक्स नावाची वर्कशॉपही तिथेच झाली. त्या वर्कशॉपचे पेपर आजही एसीएल अँथॉलॉजी या, अशा पेपरांचा साठा असलेल्या वेबसाईटवर फुकट वाचायला मिळतात. अनुक्रमणिकेची पानं काढून फाईलला लावली. भाऊंनी पानं मोजली, आठ, फाईलवर आठचा आकडा टाकला आणि म्हणाले, परिषद आहे असं आयोजकांचं पत्र आणा.

आयोजकांना लिहिलं. त्यांचं उत्तर सहाव्या दिवशी आलं, की आम्ही वर्कशॉपला परिषद म्हणू शकत नाही, पण पेपर तपासून घेतलाय आणि छापला जाणार आहे असं लेटरहेडवर देतो. बरोबरच होतं त्यांचं. ते पत्र नेलं तर ज्यांची सही पाहिजे ते साहेब नॅकच्या, म्हणजे संस्थेला दर्जा देणाऱ्या तपासणीच्या तयारीत, चार दिवस भेटलेच नाहीत. मे महिना, पारा चव्वेचाळीसच्या वर, ऑफिससमोरच्या बाकड्यावर कूलरची हवा फक्त एका टोकाला लागते आणि तिथे नेहमी कोणीतरी आधीच बसलेलं असतं. मी आठ दिवस तिथे बसले. त्या आठ दिवसांत कमी फीची मुदत संपायला आली म्हणून फी माझ्या कार्डावरून भरून टाकली, तेव्हा फार राग आला होता. रडूही आलं.

फी स्वतः भरलीत तर पावतीवर संस्थेचं नाव घालून घ्या, मी नाही घातलं.

बाराव्या खेपेला भाऊ रजेवर होते. त्यांच्या जागी मागच्या टेबलवरच्या बाई, ज्या दोन महिन्यांनी रिटायर होणार होत्या, त्यांनी फाईल उघडली, आठही पानं वाचली, खरंच वाचली, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहून विचारलं, "पोरी, तू तिथं शिकायला चालली का सांगायला?"

मी म्हटलं, सांगायला.

"मग असं लिही ना." आणि त्यांनीच अर्जाच्या विषयाच्या ओळीत 'कार्यशाळेस उपस्थिती' खोडून 'शोधनिबंध सादरीकरण' लिहिलं, बाजूला सही केली. नियमात परिषद हा शब्द होता, पण त्याच्या खालच्याच ओळीत 'शोधनिबंध सादर करणाऱ्यांस' असंही होतं, ते अडीच महिन्यात ना भाऊंनी वाचलं ना मी. तिसऱ्या दिवशी मंजुरी आली. म्हणून सांगते, अर्जात कार्यक्रमाचं नाव काहीही असो, तुम्ही तिथे काय करणार ते पहिल्या ओळीत लिहा, आणि नियमाचं पूर्ण पान मागून स्वतः वाचा.

आठवलं तसं सांगते, मराठी उदाहरणं असतील तर पेपर झीलेटेक्समध्ये (पेपरची पीडीएफ बनवायचं सॉफ्टवेअर) बनवा, साध्या पीडीएफलेटेक्समध्ये देवनागरी नीट जमत नाही, माझ्या पहिल्या पीडीएफमध्ये अडकित्त्याची वेलांटी भलतीकडेच गेली होती. आणि पेपर पाठवायच्या तारखेपुढे 'एनीव्हेअर ऑन अर्थ' (जगात कुठेही ती तारीख चालू असेपर्यंत) लिहिलेलं असलं तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचपर्यंत वेळ असतो, रात्री बारालाच घाबरून अर्धवट पाठवू नका.

पहाटेच्या वंदे भारतनं सिकंदराबादला गेले. माझं बोलणं वीस मिनिटांचं. अडकित्त्याची गोष्ट सांगितली तशी मागच्या रांगेतले एक तेलुगू प्राध्यापक उभे राहिले आणि म्हणाले, आमच्याकडे अडकत्तेर म्हणतात, आणि त्यांच्याही हाताची मूठ उघडमीट व्हायला लागली, काकूंसारखीच. कानडीत अडिके म्हणजे सुपारी आणि कत्तरी म्हणजे कात्री, हे तिथल्याच एका मुलीनं जोडून दिलं. तेलुगूत दोन्हीकडून अडकलेल्या माणसाला अडकत्तेरमधली सुपारी म्हणतात असंही ते सर म्हणाले, तेव्हा मला आमच्या ऑफिससमोरचं ते बाकडं आठवलं. आतापर्यंत कुठल्याच सेमिनारमध्ये माझ्या कामावर इतकं मनापासून कोणी बोललं नव्हतं. चहाच्या वेळेत त्या दोघांनी माझ्या वहीत अजून अकरा शब्द लिहून दिले, त्यावर आता पुढचा पेपर चालू आहे.

परत आल्यावर पेढे घेऊन त्या बाईंना भेटायला गेले, त्यांनी छापलेला पेपर मागून घेतला, घरी नातीला दाखवते म्हणाल्या. तिकिटाचे पैसे मिळाले, फीचे अजून नाही, पावतीवर नाव नाही म्हणून. आयोजकांकडून नवीन पावती काल आली, सोमवारी घेऊन जाऊन राहिले.